गर्भात दोष सापडल्यावर: तिच्या सोबत असणाऱ्यांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दोष निघाला की बहुतेक घरांत सगळं उलट्या क्रमानं होतं. नातेवाइकांना फोन आधी जातात, पक्की तपासणी मागाहून होते. काय करायचं ते घरचे आधी ठरवतात आणि तिला शेवटी विचारतात. आठवडे किती झाले हे तर कित्येकदा कुणी मोजलेलंच नसतं. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड-आजऱ्यापासून इचलकरंजीपर्यंत हेच दिसतं. शिकलेली घरंही याला अपवाद नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की निर्णय तिचा आणि बाकीचं सगळं ओझं तुमचं. तारखा, कागद, अपॉइंटमेंट, गाडी, पैसे, थोरल्या मुलाची शाळा, सासरच्या-माहेरच्या चौकश्या हे सगळं तिच्या डोक्यावरून उतरवलं तरच तिला विचार करायला जागा मिळते. गोड बोलण्यापेक्षा हा आधार मोठा आहे. लेख तिच्या सोबत राहणाऱ्यांसाठी लिहिला आहे, पण तिनंही जरूर वाचावा.

आधीची तयारी: सोबत कोण करणार?

एकच माणूस ठरवा. नवरा असेल तर चांगलंच, पण तो त्याच बाळाचा बाप आहे आणि बऱ्याचदा तोही कोसळलेला असतो. अशा वेळी बहीण, आई, समजूतदार जाऊ किंवा गावातली आशाताई चालेल. निवडताना कसोटी एकच लावा: तिचा निर्णय या माणसाला पटला नाही, तरी तो तिच्यासोबत दवाखान्यात येईल का? "मी असते तर ठेवलंच असतं" किंवा "मी तर लगेच मोकळी झाले असते" असं पहिल्याच दिवशी म्हणणारी व्यक्ती कितीही मायेची असली तरी या कामाला नको. तिला घरचं जेवणखाण बघायला सांगा.

तपासून पाहा: ही व्यक्ती तिनं स्वतः निवडली आहे का? घरच्यांनी नेमून दिलेली असेल तर पुन्हा विचारा.

१. पहिले एक-दोन दिवस: काहीही ठरवायचं नाही

"बाळात दोष दिसतोय" या वाक्यानंतर डॉक्टर जे बोलतात ते तिच्या कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही. त्यामुळे त्या खोलीत झालेलं बोलणं तिला समजलं असं धरून चालू नका. "मग आता काय करायचं गं?" हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. त्याऐवजी असं काहीतरी म्हणा: "आज काही ठरवायचं नाही. तारखांचं मी बघते. तू जेव आणि पड जरा."

ती रडेल, चिडेल किंवा अगदी गप्प बसून भांडी घासत राहील. हे सगळंच स्वाभाविक आहे. मात्र एक गोष्ट हमखास होते. ती स्वतःची चूक शोधायला लागते. ग्रहणात भाजी चिरली, वडापच्या जीपमधून धक्के खात गेले, पाण्याची घागर उचलली, पपई खाल्ली. यांतल्या कशानंही बाळात व्यंग येत नाही. गुणसूत्रांचे बहुतेक दोष गर्भ राहतानाच योगायोगानं झालेले असतात. काही औषधं आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांचा मात्र बाळावर परिणाम होऊ शकतो. तेव्हा तशी शंका असेल तर ती डॉक्टरांना सांगा, तिच्यासमोर आरोप म्हणून मांडू नका. आणि घरात कुणी "तुला सांगितलं होतं" म्हणू लागलं, तर तिथल्या तिथे थांबवणं हे तुमचं काम आहे.

सावध: या दिवसांत यूट्यूबवर त्या दोषाचं नाव टाकून व्हिडिओ बघत बसू नका. तिथं सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत चमत्कारिक अशाच गोष्टी वर येतात.

सावध: तेविसावा आठवडा चालू असेल तर कायद्यातला २४ आठवड्यांचा टप्पा जवळ आलेला असतो, दोन दिवसही थांबता येणार नाही. त्याच दिवशी पुढच्या टप्प्याला लागा.

२. आठवडे मोजा, फाइल लावा

हे काम कोरडं वाटतं, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून नाही. पाळीची तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीचा कागद शोधा. वयाचा अंदाज त्यावर सर्वांत भरवशाचा असतो. फाइलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमानं लावा आणि वरच्या कोऱ्या पानावर लिहा: आज किती आठवडे, किती दिवस, २० आठवडे कधी होतात, २४ कधी होतात.

या आकड्यांचा संबंध कायद्याशी आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आणि त्यातला मोठा बदल २०२१ चा. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि गर्भातला गंभीर दोष हे त्यासाठी मान्य कारण आहे. २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. त्या मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचे तज्ज्ञ असतात. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत त्यांनी मत द्यायचं असतं. म्हणजे २४ आठवडे उलटले म्हणून वाट संपत नाही, पण ती लांब आणि दमवणारी होते.

आता हिशेब करा. एकोणिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, तज्ज्ञाची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली, मग गर्भजलाची तपासणी, आणि गुणसूत्रांच्या पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे. तेवढ्यात तेविसावा उजाडतो. म्हणून "बघू पुढच्या महिन्यात परत सोनोग्राफी करून" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा, तोवर किती आठवडे होतील?

सावध: दवाखान्याच्या भिंतीवर "गर्भलिंग निदान गुन्हा आहे" अशी पाटी असते. ती वाचून गर्भपातच बेकायदा आहे असा अनेक घरांचा समज होतो आणि लोक चोरून मार्ग शोधतात. ते दोन वेगळे कायदे आहेत. लिंग विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. दोषाच्या कारणानं कायद्याच्या चौकटीत केलेला गर्भपात मात्र गुन्हा नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेणं या आठवड्यांत जिवावर बेतू शकतं. तो विचार कुणाच्या मनात आला तरी हाणून पाडा.

३. दोष खरंच आहे का, ते पक्कं करा

चाळणी तपासणी वेगळी आणि निदान वेगळं. आईच्या रक्तावर होणाऱ्या डबल मार्कर किंवा एनआयपीटी या चाळणी तपासण्यांत "हाय रिस्क" आलं म्हणजे बाळाला आजार आहे असं ठरत नाही. रिपोर्टवर १:१५० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ असा की अशा दीडशे गर्भवतींपैकी एकीच्या बाळात तो दोष असेल आणि १४९ जणींच्या बाळात नसेल. हा कागद हातात घेऊन "पोर मतिमंद आहे" असं गावभर झालेलं मी पाहिलं आहे. सोनोग्राफीत हृदयात दिसणारा पांढरा ठिपका किंवा मेंदूतली पाण्याची छोटी गाठ अशा काही खुणा एकट्याच दिसल्या, तर त्या बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतात.

क्रम असा ठेवा: आधी फीटल मेडिसिनच्या म्हणजे गर्भस्थ बाळाच्या तज्ज्ञाकडून पुन्हा सविस्तर सोनोग्राफी. हृदयाची शंका असेल तर बाळाचा इको, म्हणजे त्याच्या हृदयाची खास सोनोग्राफी. गुणसूत्रांची शंका असेल तर गर्भजलाची तपासणी. गर्भजल काढल्यानं गर्भपात होण्याचा धोका असतो, पण तो कमी, शंभरात एकापेक्षाही कमी. पूर्ण रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून काही दिवसांत येणारी झटपट तपासणीही सोबत पाठवता येईल का ते विचारा. कोल्हापुरात वेळेत तज्ज्ञ मिळाला नाही तर पुण्याला जायची तयारी ठेवा. काही दोष मात्र सोनोग्राफीतच स्पष्ट दिसतात. कवटीचा वरचा भाग तयारच झालेला नसेल तर आणखी तपासण्यांत तिला फिरवून काही मिळत नाही.

तपासून पाहा: दोषाचं नेमकं नाव तुम्हाला कागदावर लिहून मिळालं आहे का? "मेंदूत पाणी आहे" हे निदान नव्हे. किती, कशामुळे आणि सोबत आणखी काय आहे, तेही हवं.

४. तज्ज्ञासमोर बसताना

प्रश्न घरीच लिहून न्या आणि उत्तरं तुम्ही लिहून घ्या, तिच्यावर ते काम टाकू नका. मी हे प्रश्न सुचवते:

- हे बाळ जन्माला येऊन जगेल का? जगलं तर पहिला महिना कसा असेल?
- त्याला वेदना होतील का?
- ऑपरेशननं काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही?
- दहाव्या वर्षी असं मूल साधारण कसं असतं? सगळ्यात बरं आणि सगळ्यात बिकट, दोन्ही सांगा.
- गर्भ पुढे वाढवण्यात तिच्या स्वतःच्या जिवाला काय धोका आहे?
- पुढच्या खेपेला हे पुन्हा होऊ शकतं का?

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. डॉक्टर नात्यातल्या लग्नाबद्दल विचारतील तेव्हा लपवू नका. रक्ताच्या नात्यात काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते आणि पुढच्या गर्भारपणाचा सल्ला त्यावर ठरतो.

डॉक्टरांना आणखी एक सांगायचं: "पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला." हे फार महत्त्वाचं आहे. राधानगरी तालुक्यातून आलेल्या एका सुनेच्या वतीनं सासूबाईच सगळी उत्तरं देत होत्या. मुलगी खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सासूबाई केसपेपर काढायला रांगेत गेल्या, तशी ती पहिल्यांदा बोलली. "मला ते चित्र परत एकदा दाखवतील का?" तोवर घरच्यांचं सगळं ठरलं होतं, आणि तिनं अजून आपलं बाळ नीट बघितलंही नव्हतं. डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली, कुठं काय आहे ते बोटानं दाखवलं, तेव्हा कुठं तिचे स्वतःचे प्रश्न सुरू झाले. बघायचं की नाही हे प्रत्येकीचं वेगळं असतं, पण तिला विचारायला हवं.

५. निर्णय तिला घेऊ द्या

या टप्प्यावर आधार देणारी माणसं दोन टोकांनी चुकतात. एकजण म्हणतो, "असं पोर कशाला ठेवायचं, आयुष्यभराचं दुखणं." दुसरा म्हणतो, "अंबाबाईनं दिलंय, पाडायचं पाप नको." दोघांनाही काळजीच असते आणि दोघेही तिचा निर्णय हिसकावून घेतात. "तुला जे वाटेल ते कर, आम्हाला काही नाही" हेही नको, कारण त्यात ती एकटी पडते. ती जे म्हणेल ते तुमच्या शब्दांत परत म्हणून दाखवा आणि थांबा. "म्हणजे तुला ऑपरेशनची भीती वाटतीय, पण हा जीव आपण घालवला असं आयुष्यभर वाटेल याचीही भीती आहे, असं ना?" बऱ्याचदा एवढंच पुरतं.

वेळ असेल तर एक उपाय करून बघा. एक दिवस ती असं धरून वागेल की बाळ ठेवायचं ठरलं आहे. सकाळी उठल्यापासून सगळं त्याच मनानं करायचं. दुसरा दिवस गर्भ थांबवायचा ठरला आहे असं धरून. दोन्ही रात्री तिला फक्त विचारा: झोप कशी लागली, छातीत कसं वाटलं, सगळ्यात जड काय गेलं? फायद्या-तोट्यांची यादी करून बेरीज मांडण्यापेक्षा यातून तिचं मन तिला जास्त कळतं.

दोघींनी मान्य करून ठेवायची एक गोष्ट म्हणजे पूर्ण खात्री येणार नाही. ज्या निर्णयानंतर दुःख होतं तो चुकलेला असतो असं नाही. सुटल्यासारखं वाटणं आणि काळीज फाटणं एकाच दिवशी होऊ शकतं.

दिव्यांग मुलांचं आयुष्य कसं असतं याची कल्पनाच नसेल, तर कल्पनेवर ठरवू नका. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ दि हॅंडिकॅप्ड ही संस्था आहे, बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळा आहेत. फोन करून, वेळ घेऊन एखाद्या पालकाशी बोलता येईल का ते विचारा. पण तिची इच्छा असेल तरच. "बघ, ही पण जगतातच की" असं सुनवायला तिला तिथं नेऊ नका.

तपासून पाहा: नवरा किंवा सासू खोलीत असताना ती एक सांगते आणि एकटी असताना दुसरं? तसं असेल तर निर्णय अजून झालेला नाही. कायद्यानं सज्ञान बाईची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही सांगितलेली नाही. दवाखान्यानं मागितली तर नम्रपणे हे सांगा.

६. नातेवाइकांना एकच वाक्य

निर्णय पक्का झाल्यावरच सांगायचं, आणि सगळ्यांना तेच वाक्य: "बाळाची तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, सध्या तिला फोन करू नका." फोन तुम्ही घ्या. डोहाळजेवणाची तारीख धरलेली असेल तर ती रद्द करण्याचं कामही तुमचं. गर्भपात करणाऱ्या बाईचं नाव उघड करणं डॉक्टरांसाठी शिक्षेचा गुन्हा आहे, हे तिला सांगा. गावात कळेल या धास्तीनंच कित्येकजणी उशीर करतात.

७ अ. गर्भ थांबवायचं ठरलं तर

"पिशवी धुतात, तासाभरात घरी" या समजुतीनं येणाऱ्या बायका हादरतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात बहुतेक वेळा गोळ्यांनी कळा आणतात आणि बाळंतपणासारखंच सगळं होतं. एक-दोन दिवस लागू शकतात. हे तिला आधी माहीत हवं. दाखल होण्याआधी विचारायच्या गोष्टी:

- वेदना कमी करायला काय देणार?
- बाळंतिणींच्या शेजारची सोडून दुसरी खाट मिळेल का?
- बाळ बाहेर येताना जिवंत असेल का? साधारण २२ आठवड्यांपुढे आधी बाळाचं हृदय थांबवणारं इंजेक्शन देतात. तिला हे न सांगता करू नये.
- ती बाळाला बघू शकेल का, हातात घेऊ शकेल का? आत्ता "नको" म्हणाली तरी ऐन वेळी पुन्हा विचारतील का?
- बाळ पुरण्यासाठी घरी देतील का? नियम आणि कागद आधीच समजून घ्या.
- बाळाची तपासणी किंवा जनुकीय नमुना पाठवायचा का?

शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो आणि नंतर भरून काढता येत नाही. गुणसूत्रांच्या तपासणीचा नमुना फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या औषधी द्रावात, टाकला की वाया जातो. म्हणून हे प्रसूतीच्या आधीच लॅबशी बोलून ठरवायला सांगा.

२४ आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच चालू आहे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. जानेवारी २०२३ मध्ये याच उच्च न्यायालयानं, ३२ आठवडे उलटलेल्या एका बाईच्या बाबतीत मंडळाचा नकार बाजूला ठेवून, हा निर्णय तिचा आहे, मंडळाचा नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे.

७ ब. बाळ ठेवायचं ठरलं तर

इथं लोक आधार काढूनच घेतात, "तूच ठरवलंस ना, आता निस्तर" म्हणून. असं होऊ देऊ नका. बाळंतपण कुठं करायचं ते आत्ताच ठरवा. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि लागणारा सर्जन जिथं असेल तिथंच. बाळाच्या सर्जनला जन्माआधीच एकदा भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मुलांच्या जन्मजात दोषांवर उपचारांची सोय होते. त्याची चौकशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करून ठेवा. बाळ फार जगणार नाही हे माहीत असूनही कुणी गर्भ पूर्ण दिवस नेते. तिच्यासाठी बाळाला त्रास होऊ न देता जवळ ठेवण्याची व्यवस्था डॉक्टरांशी आधी बोलून लिहून ठेवता येते.

८. नंतरचे आठवडे

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत दूध येतं. याची कल्पना कुणी देत नाही आणि बाई त्या क्षणी मोडते. दूध थांबवायच्या गोळीबद्दल दवाखान्यातून निघण्याआधीच विचारा. छाती पिळू नका, घट्ट बसणारी ब्रा आणि गार फडकं यांनी आराम पडतो.

सावध: तासाला दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव दोन तास चालू राहिला, ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल तर १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखान्यात जा. सकाळची वाट बघू नका.

नोकरी करणारीला कायद्यानुसार गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. दाखला मागून घ्या. शेतावर किंवा घरात राबणारीला अशी रजा कुणी देत नाही. ती तुम्ही मिळवून द्यायची, म्हणजे चूल आणि धारा दुसऱ्या कुणीतरी सांभाळायच्या.

"पुढच्या वर्षी होईल की" म्हणू नका. बाळाचं नाव तिनं मनात ठेवलं असेल तर ते घेऊ द्या. थोरल्या मुलाला खरं आणि थोडक्यात सांगा: बाळ फार आजारी होतं, म्हणून येणार नाही, यात तुझी काही चूक नाही. नवऱ्यालाही एकदा बाजूला घेऊन "तू कसा आहेस?" विचारा. बाळंतपणाची ढोबळ तारीख तुमच्या फोनमध्ये टाकून ठेवा आणि त्या दिवशी तिच्याकडे जा.

दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, सतत स्वतःला दोष देणं चालूच असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. "मी जगून काय करू" असं एकदा जरी तोंडातून आलं, तर आठवड्यांची वाट न बघता त्याच दिवशी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तिला एकटी सोडू नका.

पाळी यायच्या आधीच, दोन-तीन आठवड्यांत पुन्हा दिवस जाऊ शकतात. तेव्हा गर्भनिरोधनाचं पहिल्याच तपासणीत विचारा. पुढच्या गर्भाचा विचार करण्याआधी सगळे रिपोर्ट जनुकीय सल्लागाराला दाखवा. दोष मणक्याचा किंवा मेंदूच्या नळीचा होता तर फॉलिक ॲसिडची नेहमीची गोळी पुरत नाही. डॉक्टर ५ मिलिग्रॅमची देतात आणि ती दिवस जायच्या किमान महिनाभर आधीपासून सुरू करायची असते.